दिव्याखालचा अंधार आणि डोळ्यांखालचा

"काऊन बे, झोप नाही झाली का?"

नागपुरात हा प्रश्न विचारायला ओळख लागत नाही. पानठेलेवालासुद्धा विचारतो. डोळ्यांखाली काळं दिसलं की माणूस रात्रभर जागलाय, नाहीतर आजारी आहे, नाहीतर घरी भांडण झालंय, असा निकाल लावून समोरचा मोकळा होतो. बेसात घर, मिहानमध्ये नोकरी आणि क्लायंट अमेरिकेत असलेल्या आमच्या जमातीला तर हा प्रश्न पाठच आहे. आमच्याकडच्या मुली बॅगेत कन्सीलरची एक छोटी नळी ठेवतात. मुलं ठेवत नाहीत असं म्हणतात. (ठेवतात. बहिणीची वापरतात.)

तर गेले काही शनिवार-रविवार मी याच एका गोष्टीच्या मागे होतो: डोळ्यांखालचं काळं आणि सूज रंगाने झाकायची ही विद्या आपल्याकडे आली कुठून? मला वाटलं होतं की राण्या, उटणी, चंदन वगैरे सापडेल. हाती आला तो बराचसा दिव्यांचा इतिहास. दिवा बदलला की डोळ्यांखालचं काळं बदलतं, आणि ते बदललं की रंगही बदलतो, असं हे एकूण प्रकरण आहे.

आधी थोडं शरीरशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्याला आपण सरसकट 'डार्क सर्कल' म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे खरोखरचा तपकिरी रंग, मेलॅनिन. आपल्या वर्णाच्या लोकांत हा भरपूर आढळतो आणि बऱ्याचदा आईवडिलांकडून येतो. त्याचा झोपेशी फारसा संबंध नसतो. दुसरी गोष्ट निळसर-जांभळी झाक. पापणीचं कातडं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे अंगावरचं सगळ्यात पातळ. त्यातून खालच्या शिरा आणि स्नायू दिसतात. आणि तिसरी गोष्ट हा रंगच नाही. ती सावली आहे. डोळ्याखाली नाकाच्या बाजूने एक खळगा असतो, वर चरबीची छोटी पिशवी असते. वय वाढलं की पिशवी पुढे येते, खळगा खोल होतो आणि वरून उजेड पडला की तिथे सावली पडते. सकाळची सूज याच खात्यातली. रात्री सावजी मटण ओरपून झोपलात की मिठाने पाणी धरलं जातं, आडवं पडल्यामुळे ते डोळ्यांभोवती साचतं. उठून हिंडूफिरू लागलात की तास-दोन तासांत उतरतं.

तुमचं काळं कुठल्या जातीचं हे कळायला आरसा घेऊन खिडकीसमोर उभे राहा आणि हनुवटी वर करा. उजेड थेट खळग्यात जाईल. काळं नाहीसं झालं तर ती सावली होती. तिथेच राहिलं तर रंग.

हा फरक मी इतका घोळवतोय कारण रंगावर रंग लावता येतो, सावलीवर रंग लावून सावली जात नाही. सावलीला दिवाच लागतो. आता मागे जाऊ.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. या काळातले दिवे म्हणजे मशाली, तेलाचे दिवे, पुढे मोठ्या शहरांत गॅस. नाटकगृहात दिव्यांची एक ओळ रंगमंचाच्या पुढच्या कडेला, नटांच्या पायाशी असायची. खालून उजेड आला की चेहऱ्याचा सगळा हिशेब उलटा होतो: नाकाची सावली वर जाते, भुवयांवर अंधार येतो, पण डोळ्यांखालचा खळगा मात्र उजेडाने काठोकाठ भरतो. म्हणजे त्या जमान्यातल्या नटाच्या डोळ्यांखालच्या पिशव्या पायातल्या दिव्यांनी फुकटात लपवल्या. उरला तो तपकिरी रंग. त्याला सफेदा, पिवडी, हिंगूळ असे कोरडे रंग कालवून तोंडभर लावले की झालं. दिवे मिणमिणते, प्रेक्षक लांब. बारीक काम करायची गरजच नव्हती.

किंमत दुसरीकडे मोजावी लागायची. सफेदा जस्ताचा असेल तर ठीक, शिशाचा असेल तर ते विष. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. लोकनाट्याच्या फडांत तोंडाला लावायला वापरलं जाणारं मुरदाडशिंग हे तर सरळसरळ शिशाचं ऑक्साइड. रोज रात्री पातळ कातड्यावर शिसं आणि पारा चोळायचा आणि पहाटे तेलाने पुसून काढायचा, हा त्या काळचा नोकरीतला धोका होता. त्याबद्दल कुणी भत्ता दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

युरोपात याला पर्याय निघाला तो लुडविग लाइख्नर नावाच्या जर्मन ऑपेरा गायकाकडून. त्याने १८७३ साली बर्लिनमध्ये चरबीत घोटलेल्या, शिसं नसलेल्या रंगकांड्यांचा कारखाना काढला. ही ग्रीसपेंटची कांडी. गाणाऱ्यालाच हे सुचावं यात नवल नाही, स्वतःच्या तोंडाला काय लागतं याची काळजी दुसरं कोण करणार!

मराठी रंगभूमीवरची एक तारीख मात्र या सगळ्यात मला सोडून पुढे जाता येत नाही. १२ मार्च १९११. किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग, मुंबई. भामिनी नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, वय बावीस. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलता आला असता, पण त्यांनी तो केला. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी कर्तव्यनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात, शाळेतही सांगतात. मला त्यातला रंगपट दिसतो. बापाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय असायला हवं हे कुणी सांगायला नको. त्या चेहऱ्यावर थर देऊन एक श्रीमंत, मानी, लग्नाच्या वयाची मुलगी उभी करायची होती. रंगभूषेला आपण नट्टापट्टा म्हणून हसतो. त्या संध्याकाळी तिच्याकडून काय काम करून घेतलं गेलं ते बघा.

नंतर दोनच वर्षांनी चित्र हललं. ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामती झाले होते अण्णा साळुंके, मुळात ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीतले आचारी. (१९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही हेच! डबल रोलचा मान आपल्याकडे एका आचाऱ्याचा.) आता इथे दिवा तर बदललाच, कारण चित्रण सूर्यप्रकाशात. सूर्य डोक्यावर, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत भरगच्च सावली. पण बघणारा डोळाही बदलला. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला निळा रंग दिसे, हिरवा दिसे, लाल दिसतच नसे. लाल म्हणजे तिच्या लेखी काळा. आपल्या कातडीत, विशेषतः डोळ्यांखालच्या तपकिरीत, लाल भरपूर. म्हणजे समोर उभ्या माणसाला जे जेमतेम सावळं दिसायचं, ते पडद्यावर कोळसा फासल्यासारखं दिसायचं. मूकपटातले चेहरे पिठात बुडवल्यासारखे पांढरे का असतात याचं मोठं उत्तर हे आहे. गोरेपणाचं वेड आपल्याला होतं आणि आहे, ते नाकारत नाही. पण त्या पिठाचा निम्मा दोष फिल्मच्या रसायनाला द्यायला हवा.

या पेचात कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मला फार आवडतात. हा माणूस मुळात चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारा. चित्रकाराला एक गोष्ट उपजत ठाऊक असते: उजळ भाग पुढे येतो, गडद भाग मागे जातो. बाबूरावांनी १९२०च्या 'सैरंध्री'त बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या आणि 'सिंहगड'साठी (१९२३) कृत्रिम दिवे वापरले. म्हणजे रंगाने जे होणार नाही ते उजेडाने करायचं. आजही चांगला रंगभूषाकार डोळ्यांखालच्या सुजेला याच नियमाने हाताळतो: फिकट कन्सीलर सुजलेल्या उंचवट्यावर लावायचा नाही (लावला तर तो आणखी पुढे येतो, आणि नेमकं हेच आपण सगळे करतो), तो लावायचा उंचवट्याच्या खाली पडलेल्या सावलीच्या रेघेवर. उंचवट्यावर उलट किंचित गडद छटा. हे चित्रकाराचं गणित आहे, पार्लरचं नाही.

तिकडे हॉलिवूडमध्ये कार्बन आर्कचे दिवे आले होते आणि त्यातल्या अतिनील किरणांनी नटांचे डोळे लाल होऊन सुजायचे, पाणी गळायचं. त्याला दिव्यांच्या कंपनीवरून 'क्लीग आय' असं नाव पडलं. म्हणजे सूज झाकायच्या धंद्यातच सूज तयार होत होती! १९२०च्या दशकाच्या शेवटी सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि टंगस्टनचे दिवे रुळले, पांढरं पीठ निकालात निघालं आणि मॅक्स फॅक्टरने नव्या फिल्मसाठी नवे रंग बनवले. पुढे रंगीत चित्रपटासाठी १९३७च्या सुमारास त्याचं पॅन-केक आलं. ओल्या स्पंजने लावायची ती वडी मराठी रंगपटात इतकी मुरली की 'पॅनकेक' हे सगळ्याच बेसचं नाव झालं. आणि १९५४ साली याच कंपनीने 'इरेस' नावाची लिपस्टिकसारखी कांडी काढली, खास डोळ्यांखालचं काळं आणि डाग झाकायला. नावातच खोडरबर. आजच्या कन्सीलरची ही थेट आजी.

आजी गोरी होती, हा प्रश्न. गुलाबी-फिकट रंग आपल्या तपकिरीवर लावला की गोरं दिसत नाही, राख फासल्यासारखं दिसतं. कारण साधं आहे. निळसर-तपकिरीवर पांढरट गुलाबी पातळ थर म्हणजे करडा. प्रोग्रामरला समजावायचं तर, तुम्ही फक्त ब्राइटनेस वाढवताय, ह्यू तसाच आहे. आधी निळ्याला मारायला त्याच्या समोरचा रंग हवा, नारिंगी. म्हणून आपल्याकडचे रंगभूषाकार हाताच्या पाठीवर दोन-तीन कांड्या कालवून आधी नारिंगी-लालसर हात देतात आणि मग त्यावर कातडीच्या रंगाचा. आज 'पीच करेक्टर' या नावाने जे विकलं जातं ते हेच. पंढरीदादा जुकर यांच्यासारख्या मराठी रंगभूषाकारांनी हिंदी-मराठी चित्रपटांत पाच-सहा दशकं अशा हातांवर काढली. २०२० साली ते गेले. नटांची नावं आपल्याला पाठ, त्यांचं काळं झाकणाऱ्यांची नाही. पण झाकणारा ओळखू आला तर झाकणं फसलं, असा हा पेशाच आहे.

(टाटांनी १९५२ साली मुंबईत लॅक्मे काढली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जातंय म्हणून नेहरूंनी जेआरडींना गळ घातली, असं सांगतात. लॅक्मे म्हणजे लक्ष्मीच, फ्रेंच ऑपेरामार्गे परत आलेली.)

न झाकण्याचाही एक इतिहास आहे, तो थोडक्यात. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (१९७७) हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला. त्यात स्मिता पाटील नटीचं काम करणारी नटी आहे, म्हणजे पडद्यातल्या पडद्यावर संपूर्ण रंगवलेली आणि घरी आली की डोळ्यांखालच्या सगळ्या थकव्यासकट. दोन्ही चेहरे एकाच बाईचे. हा सिनेमा बघताना कथेपेक्षा तिच्या डोळ्यांखाली बघा, वय आणि वेळ दोन्ही कळतं.

आता आमच्या इकडे येतो. बेसाहून उमरेड रोडला लागून भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत गेलात की वडसा येतं, म्हणजे देसाईगंज. ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक. वडशात कितीतरी नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, गावं तिथून खेळ ठरवून नेतात. खेळ रात्री दहाच्या पुढे सुरू होतो आणि पहाटे संपतो. गाणी, लावणी, विनोद, रडारड, सगळं. तो संपला की मंडळी गाडीत, दुसऱ्या रात्री दुसरं गाव. हे होळीपर्यंत. पुण्या-मुंबईच्या मराठी नाटकवाल्यांना प्रेक्षक मिळत नाही म्हणून गळे काढताना ऐकलं की मला इथले मंडप आठवतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाहेरच्यांना हा शब्द ऐकू आला.

विषयाला धरून सांगायचं तर, डोळ्यांखालचं काळं झाकण्याची एवढी कडक परीक्षा महाराष्ट्रात दुसरीकडे होत नसेल. हंगामभर रात्रीची झोप नाही. अनेकांची दिवसा शेती किंवा दुसरं काम. पोस्टरवर चेहरा छापलेला असतो आणि पुढच्या हंगामाचा करार त्या चेहऱ्यावर ठरतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ब्रह्मपुरीच्या पलीकडच्या एका गावात मी असा खेळ पाहिला. मध्ये थंडीने कुडकुडत मंडपाच्या मागे गेलो. रात्रीचे तीन. नायिकेचं काम करणारी बाई ट्रंकेवर बसून हातातल्या आरशात बघत होती. तिने आधीचा रंग पुसला नाही. अनामिकेने डोळ्याखाली विटकरी रंगाची एक रेघ ओढली, थोपटली, वरून बेस थोपटला, वरून पावडर. मिनिटभराचं काम. ऑर्थोक्रोमॅटिक, पॅनक्रोमॅटिक, ह्यू, ब्राइटनेस, काही नाही. हात ठरलेला. मग ती उठून हॅलोजनमध्ये गेली आणि चौथ्या अंकातली सोळा वर्षांची झाली. मी सकाळी नऊच्या कॉलला रजा टाकलेली होती, तिचा पुढचा खेळ रात्री दहाला होता. काळं झाकण्याबद्दल ज्या काही टिंगल करायच्या कल्पना माझ्या डोक्यात होत्या त्या तिथे गळाल्या. झोप विकून जे लोक जगतात त्यांना झोप झाल्यासारखं दिसणं हे कामातच धरलेलं असतं. त्याला नखरा म्हणायचं असेल तर आमच्या मिहानमधल्या नाइट शिफ्टलाही म्हणा.

शेवटचा दिवा आमच्या धंद्यातला: स्क्रीन. २००१ साली पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स या दोघांनी फोटोत चेहरा कुठे आहे हे झटपट शोधणारी पद्धत मांडली. पुढची कितीतरी वर्षं कॅमेऱ्यांत चेहऱ्याभोवती जो चौकोन उमटायचा तो याच पद्धतीने. त्यांच्या यंत्राला हजारो चेहरे दाखवून 'चेहरा ओळखायला सगळ्यात उपयोगी खूण कुठली' हे त्यालाच ठरवू दिलं, तेव्हा त्याने पहिल्याप्रथम निवडलेली खूण अशी: एक आडवी गडद पट्टी आणि तिच्याखाली एक उजळ पट्टी. म्हणजे डोळ्यांचा भाग गालांपेक्षा काळा असतो. बस्स. मी हे वाचून मोठ्याने हसलो. जे लपवायला शिसं चोळलं, पारा चोळला, कांड्या कालवल्या, त्या काळपटपणावरून यंत्राने 'हा माणूस' असं ओळखलं.

अर्थात यंत्राला ओळखता आलं की ते झाकायलाही येतं. व्हिडिओ कॉलमध्ये 'चेहरा जरा नीट करा' अशी खूण असते, फोनमध्ये ब्युटी मोड असतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर बघायची शिक्षा झाली तेव्हा यांना बरकत आली. आत काय होतं? चेहऱ्यावरचे बिंदू शोधायचे, डोळ्यांखालचा चंद्रकोरीएवढा तुकडा वेगळा काढायचा, कडा शाबूत ठेवून आतला भाग गुळगुळीत करायचा आणि थोडा उजळायचा. यातही तीच जुनी खोड कधीकधी दिसते, सावळ्या चेहऱ्यावर ती चंद्रकोर राखेसारखी करडी होते. नारिंगीची गोष्ट फिल्टर लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेली नसते.

मी स्वतः फिल्टर लावत नाही, आणि कन्सीलरमध्ये हात बसलेला नाही. माझ्या घरातली ट्यूबलाइट डोक्याच्या थोडी मागे, भिंतीवर उंच आहे, म्हणजे सावलीसाठी सगळ्यात वाईट जागा. लॅपटॉपचा उजेड समोरून येतो, पण तो निळसर. यावर एक स्वस्त तोड सापडली आहे. कॉल सुरू व्हायच्या आधी टेबलावर, कीबोर्डच्या अलीकडे, ड्रॉइंगचा एक मोठा पांढरा कागद पसरायचा आणि टेबल-लॅम्प त्या कागदावर रोखायचा. उजेड खालून वर येतो आणि खळगा भरतो. पाच रुपयांत भाव्यांच्या काळातले पायदिवे. फक्त चहाचा कप त्या कागदावर ठेवू नका.